शेवटच्या घराची बारी

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि गल्लीत आनंदी एकटी उभी होती. एका बाजूला नवा खणलेला खड्डा, दुसऱ्या बाजूला कचऱ्याचा ढीग, मधे रिकामी टोपली. टोपलीला तिने अजून हात लावला नव्हता.

तुकोगंजच्या मागची ही गल्ली इतकी अरुंद की कचऱ्याची बैलगाडी आत शिरत नसे. जो तो आपला कचरा कोपऱ्यावर टाकी. ढीग खांद्याला लागला, उंदीर झाले. उन्हाळ्यात हगवणीची साथ आली आणि गल्लीतलं एक मूल गेलं. तेव्हा कुठे सगळे प्रतापरावांच्या ओसरीवर जमले. प्रतापरावांचे आजोबा होळकरांच्या फौजेत मोठे अंमलदार होते. गल्लीत अजूनही त्यांच्या घरचा शब्द आधी ऐकला जाई.

आनंदी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनेच उपाय सांगितला होता. पाला, शेण, राख, भाजीची देठं, वर माती, असे थर लावायचे, मधून मधून उलथायचे. पावसाळा संपेपर्यंत काळंभोर खत. ते परसात घाला, नाहीतर माळ्याला द्या. घरातून निघालेलं घरातच परत येईल, ढीग होणारच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कचऱ्याला हात लावायला मजूर तयार नव्हते, म्हणून ठरलं की रविवारी सकाळी प्रत्येक घराने ढिगातला आपापला वाटा खड्ड्यात टाकायचा. बारी गल्लीच्या तोंडापासून. पहिलं घर प्रतापरावांचं, शेवटचं आनंदीचं.

हे ऐकून तिचे सासरे भाऊराव संध्याकाळी जेवले नाहीत. महूच्या छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला तो माणूस. दोन वर्षांपूर्वी सगळ्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत तिने पाणी पाहिलं होतं.

"गावची घाण माझ्या बापाने डोक्यावर वाहिली," ते म्हणाले होते. "मी फौजेत गेलो तो त्या टोपलीतून सुटायला. तू एकदा उचल, सूनबाई. मग ती खाली ठेवू देतात का बघ."

"बाबा, सगळ्यांची बारी आहे."

"सगळे येतील तेव्हा ना!"

आता ऊन चढत होतं आणि कोणी आलं नव्हतं. खिडक्यांमधून मात्र सगळे बघत होते. आनंदी घरी निघून गेली तर ढीग इथेच राहणार आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी कोणाचं तरी मूल जाणार. टोपली उचलली तर काम होईल, गल्ली साफ होईल. आणि पुढल्या रविवारीही त्या खिडक्या अशाच उघड्या राहतील.

प्रतापराव शाल पांघरून गॅलरीत आले.

"अहो बहनजी, करा ना शुरू!" त्यांचा आवाज अगदी प्रेमळ होता. "आम्ही येतोच. तुम्हाला तर आदत असेल... म्हणजे, माहिती असेल ना सगळी."

आनंदीला वाटलं, आपण आता रडणार. ती खाली बघत राहिली. मग तिने हात पाठीमागे घट्ट धरले.

"माहिती आहे, प्रतापरावजी. पण माझी बारी शेवटची. पहिली तुमची."

समोरची एक खिडकी बंद झाली. मग तिच्या शेजारची. प्रत्येक खिडकी लागताना तिला वाटे, संपलं. उद्यापासून या गल्लीत आपल्याशी कोण बोलणार? दूधवाला तरी दारात थांबेल का?

मागून फौजी बुटांचा आवाज आला. भाऊराव. हे आता दंड धरून घरी नेणार, असं तिला वाटलं. तिने मान वळवली नाही. ते आले, तिच्या बाजूला ताठ उभे राहिले आणि तिच्यासारखेच हात पाठीमागे बांधून गॅलरीकडे बघत राहिले.

मग प्रतापरावांच्या घराचा दरवाजा उघडला आणि त्यांच्या आई द्वारकाबाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक.

"दाराआडच उभी होते गं," त्या आनंदीला म्हणाल्या. "कोणी बघेल म्हणून पाय निघत नव्हता."

त्यांनी टोपली भरली. नीट भरता येत नव्हती, अर्धी सांडली. ती उचलताना त्या कण्हल्या, तेव्हा प्रतापराव शाल टाकून धावत खाली आले. मग शेजारच्या कमलताई आल्या. मग बंद झालेल्या खिडक्यांमागची माणसं एकेक करून बाहेर पडली. नाकाला रुमाल लावून का होईना, थरावर थर पडू लागले.

दुपार होत आली तेव्हा ढिगाचा एक कोपरा तेवढा उरला. शेवटच्या घराचा वाटा.

आनंदी पुढे झाली. प्रतापराव कोपरापर्यंत माखलेले होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि ते जमत नव्हतं. एवढा वेळ जागेवरून न हललेल्या भाऊरावांकडे त्यांनी पाहिलं, आणि घाईघाईने टोपली स्वतःकडे ओढली.

"सुभेदारसाहेब, तुमच्या घरचं राहू द्या. ते आम्हीच टाकतो."

भाऊरावांनी कोट काढून सुनेच्या हातात दिला, बाह्या दुमडल्या आणि प्रतापरावांच्या हातातून टोपली घेतली.

"का? सगळ्यांची बारी झाली, मग आमचीच का सोडता?"