सोड, मी घालते

सून दाराशी घायकुतीला आली होती. नातीला पाळणाघरात सोडून हॉस्पिटलची बस गाठायची होती, आणि तीन वर्षांची बया फतकल मारून बसली होती. “माझे बूट मीच घालणार!” “अगं, वेळ नाही!” सुनेने बूट हिसकावला, तशी पोरीने भोकाड पसरलं. आतून सुनेचा नवरा ओरडला, “आई, मोजे कुठेत?” आजी सवयीने उठली, कपाटातून मोजे काढता काढता थबकली. मुलगा नातीएवढा असताना तिलाही अशीच घाई असायची. “सोड, मी घालते,” म्हणत तीच मोजे चढवत असे. छत्तीस वर्षांनीही ती शोधून देत होती. तिला स्वतःचाच संताप आला. मोजे परत कोंबून तिने कपाट आपटलं. “शोध तुझे तू!” सुनेच्या हातातला बूट तिने नातीला दिला. “तू नीघ. हिचे ही घालेल. पाळणाघरात बाप सोडेल, मोजे सापडले की.”