एकाच कागदातली माणसं

"थांबव. आधी ते मशीन थांबव!" दादा दारातूनच ओरडला.

मधल्या बहिणीने मान वर केली नाही. कागद कोरायचं ते मशीन काळा कागद पुढे ओढत होतं, मागे ढकलत होतं आणि त्याचं बारीक पातं पानांच्या कडा कोरत चाललं होतं. कागद एका चिकट मॅटवर बसवलेला. शेजारच्या लॅपटॉपवर अख्खं चित्र दिसत होतं. एक डेरेदार झाड, आणि त्याला धरून उभी असलेली घरातली सगळी माणसं. संध्याकाळी बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला ते पाहुण्यांसमोर भिंतीवर लागायचं होतं.

दादाने स्क्रीनवर बोट टेकवलं. "हा कोण?"

"दिसतंय की."

दिसतच होतं. ताठ उभे केस, कानाला फोन. दुसरा कोण असणार? धाकटा. बाबांशी भांडून तो घराबाहेर पडला, तेव्हापासून त्याचं नाव घरात निघत नव्हतं. आणि या बाईसाहेबांनी त्याला थेट झाडावर चढवून ठेवला होता.

"काढ त्याला," दादा म्हणाला.

"आता नाही निघणार. मॅट मध्येच बाहेर काढली की पात्याला परत तीच जागा सापडत नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि असा कागद घरात हा एकच उरलाय."

"मग कापून झालं की हाताने उडव. बाबा यायच्या आत. केस कापायला गेलेत, असा कितीसा वेळ लागणार? डोक्यावर आहेत किती!"

धाकटा मधलीला भिंतीवर हवा होता. निदान कागदाचा तरी. आईला तो दिसायला हवा होता. आईने तसं तोंडाने कधी म्हटलं नव्हतं, म्हणून तर जास्तच.

मशीन थांबलं. दादा घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालू लागला. मधलीने मॅट उलटी केली आणि कागद टेबलावर दाबून धरत मॅट वरून हळूहळू सोलून काढली. कागद ओढायचा नसतो, मॅट ओढायची असते. नाहीतर नाजूक जागा पहिल्या फाटतात.

"अगं, आटप!"

"फाटलं तर तू देणार आहेस का दुसरं करून?"

झाड सबंध निघालं. बुंध्याला टेकलेले बाबा, त्यांच्या शेजारी आई, पलीकडे आईचा हात धरलेला धाकटा. मधलीला क्षणभर रडूच आलं, इतकं ते छान झालं होतं.

तेवढ्यात दादाने तिच्या डब्यातला कटर उचलला. "सरक. तुझ्याच्याने नाही व्हायचं हे."

आणि त्याच वेळी मधलीला तिची चूक दिसली. कागदातलं प्रत्येक माणूस दोन ठिकाणी धरलेलं पाहिजे, हा तिचाच नियम. पण आईचा दुसरा हात तिने कमरेवर ठेवला होता, आई नेहमी उभी राहते तसा. बाबांना तो टेकवायचा राहूनच गेला होता. म्हणजे आई फक्त धाकट्याच्या हाताने झाडाला जोडलेली होती.

"दादा, तिथे नको! ऐक—"

"एक शब्द बोलू नकोस." त्याने धाकट्याच्या पाठीमागची फांदी कापली.

धाकटा सुटला. त्याच्याबरोबर आईही सुटली. दोघं हातात हात धरून टेबलावर पडली. झाडात बाबांच्या शेजारी भलंमोठं भोक उरलं.

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "टेप... टेप कुठाय? आईला परत चिकटवू. दोघांचे हात तेवढे मधून कापतो, थांब."

"चिकटवायचं तर दोघांना चिकटव."

आई दारात उभी होती. हातात टेबलावर घालायची चादर. ती कधी आली, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"आई, अगं, पण बाबा..."

"नाहीतर मलाही खालीच राहू दे," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं, असं मधलीला वाटलं.

"काय चाललंय?"

बाबा. मानेवर कापलेल्या केसांचे बारीक तुकडे तसेच. ते टेबलापाशी आले. झाड पाहिलं, भोक पाहिलं. मग खाली पडलेली ती दोघं पाहिली.

"कुणी कापलं हे?"

"मी," दादा म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला राग येईल..."

बाबांनी हात पुढे केला. "आण इकडे."

दादाने कटर त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो बाजूला ठेवला.

"हे नाही. टेप."

मधलीने टेपची गुंडाळी दिली. बाबांनी खुर्ची ओढली, चष्मा नीट केला आणि ते नखाने टेपचं टोक शोधू लागले. टोक काही सापडेना. गुंडाळी त्यांच्या बोटांत फिरत राहिली, आणि 'द्या, मी काढून देतो' म्हणायची कुणाचीच छाती झाली नाही.