पेवातली लेकरं

"रडू नको गं माझी बाय. खाली जाऊन गप बस. खाली गार हाय."

रुद्राणीनं शिवकन्येला टोपल्यात बसवलं आणि खाजामियाँनं दोर सैल सोडला. तिच्याच रानातल्या बोरीखाली ज्वारी साठवायचं जमिनीतलं पेव होतं; पोरगी त्याच्या तोंडातून आत गेली. गावातली बाकीची लेकरं आधीच उतरली होती. खालून त्यांची कुजबुज येत होती आणि वर रुद्राणी सारखी आभाळाकडं बघत होती.

भिण्यासारखंच होतं ते. सकाळपासून गावाच्या डोक्यावर एक काळं धूड लोंबकळत होतं. आवाज नाही, धूर नाही. विमान म्हणावं तर पंख नाहीत, आणि ढग म्हणावं तर त्या मेल्यांनी दोन साल तोंड दाखवलं नव्हतं.

तळं आटून गाळातून लोखंडाचं टोक वर आलं, तेव्हापासूनच गावाला धाकधूक होती. दगड मारला की ते घंटेसारखं वाजायचं. अहमदपूरहून शाळेतला मास्तर मुद्दाम बघायला आला. आभाळातनं पडलेलं कुणाचं तरी लढाऊ जहाज असावं, असं त्यानं सांगितलं, तेव्हा माणसं पोट धरून हसली होती. आज कुणाला हसू येईना. त्या जहाजाचे धनी आले होते, आणि सांगावं कुणाला? कालपरवा जिल्हा नवा झालेला. उस्मानाबाद आता आपलं नव्हे, आणि लातुरात कुठल्या दारात जायचं ते कुणाला ठाऊक नाही.

"अगं बाई!" रुद्राणी एकदम दचकली. "खाजाभाई, आधी कंदील सोडायचा राहिला की!"

पेवात कोंडलेली हवा माणूस मारते. कंदील सोडून बघायचा, विझला नाही तरच उतरायचं, ही जुनी रीत. पण खाजामियाँचा जन्म पेवं उघडण्यात आणि लिंपण्यात गेलेला. तो शांत होता.

"ह्या पेवाला नको, अक्का. ह्यात हवा कोंडत न्हाई. अब्बा सांगायचे, अखंड काळ्या दगडात कोरलंय म्हणून. ज्वारीला कीड बी लागत न्हाई. असलं पेव आख्ख्या तालुक्यात न्हाई."

रुद्राणीची सासू नागम्मा काठी टेकून उभी होती. "रझाकाराच्या सालात मी ह्यातच लपले होते," ती म्हणाली. "वर घोडी नाचत होती, आन् ह्या खाजाचा बाप मला भाकर सोडत होता. काय झालं मला? काय बी न्हाई. बसव रं तोंडावर शिळा, खाजा."

"आत्याबाई, मन मानंना हो."

"मन मानायची वाट बघशील तर लेकरं जातील. तळ्यापासनं जितकं लांब, तितकं बरं."

खाजामियाँनं शिळा सरकवून घट्ट बसवली आणि वर बोरीचे फाटे ओढले.

तेवढ्यात धुडातून आवाज आला. सगळ्यांनी महादेवाच्या देवळापुढं यावं. न जाऊन करता काय? रुद्राणी गेली.

पारावर एक जण उभा होता. वाळल्या बाभळीसारखा उंच, राखाडी, बिनकेसाचा. बोलला मात्र रेडिओवर बातम्या सांगाव्यात तसं.

"आमची लढाई कधीच संपली," तो म्हणाला. "एक जहाज इथं पडलं आणि आम्ही ते विसरून गेलो. तुमचं पाणी आटल्यावर त्याची हाक आम्हाला ऐकू आली. ते घेऊन आम्ही जाऊ. तुमचं काही नको."

काही नको म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं, एवढं शहाणपण गावाला होतं.

त्यानं माणसांवरून नजर फिरवली. "लेकरं दिसत नाहीत."

खाजामियाँनं तोंड उघडलं, पण रुद्राणीनं असं काही डोळे वटारले की बिचाऱ्यानं ते मिटून घेतलं.

"मामाच्या गावाला धाडली, दादा," ती म्हणाली. "हितं प्यायला पाणी न्हाई. लेकरं ठेवून करायचं काय?"

"एकही नाही? रानात, कुठं आडोशाला? नीट आठवून सांगा, बाई."

"एक बी न्हाई! महादेवाची आण."

तो तिच्याकडं बघत राहिला. तिला वाटलं, आता पकडलं. पण तिनं नजर खाली घेतली नाही.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "नेऊ आम्ही?"

रुद्राणीच्या जिवात जीव आला. भीती गेली तशी जीभही सुटली. "न्या बाबा, न्या! तुमचं लोखंड तुमाला लखलाभ! एकदाचं तोंड काळं करा!"

गाव हसलं. तोही हसल्यासारखा वाटला. त्यानं छातीवरची एक चकती अंगठ्यानं दाबली.

जमीन घुमू लागली. देवळाची घंटा आपोआप हलली. सगळे तळ्याकडं वळले. गाळातलं टोक होतं तिथंच, गप उभं.

"साहेब," खाजामियाँ म्हणाला, "तळ्यात तर काय बी हालंना."

"ते होय? ते नुसतं शेपूट. पडताना तुटलं. ते राहू द्या तुम्हाला." त्यानं लांबडा हात गावाच्या दुसऱ्या अंगाला केला. "जहाज तिकडं आहे."

रुद्राणीच्या रानातली बोर मुळासकट आडवी झाली होती. जमीन फाडून काळं, गुळगुळीत असं काहीतरी वर येत होतं, देवळाहून मोठं. त्याच्या माथ्यावर खाजामियाँनं बसवलेली शिळा जरासुद्धा हलली नव्हती.

रुद्राणीनं हंबरडा फोडला आणि त्याचे पाय धरले.

"घाबरू नका, बाई," तो म्हणाला. "रिकामंच आहे ते."