शेवटचं पुट

आईचं तेरावं उरकून पाहुणे पांगले, तेव्हा तुळसाला मागीलदारची कोकमाची सोलं आठवली. आईनं रातांबे फोडले, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात घातली आणि त्याच संध्याकाळी ती गेली. मुंबईत तार मिळून तुळसा हातखंब्याला उतरली, ती थेट सुतकात. रोजचं रसाचं पुट चुकलं, म्हणजे सोलं बुरसलीच असणार. पण ती फेकायचंही त्राण नव्हतं. रडायचंही नव्हतं. इतक्यात शेजारची खुर्शीदचाची सूप आणि आईच्या रसाची बरणी घेऊन आली. सुपात तीच सोलं होती, काळीभोर. “सुतक तुमाला गो, सोलांना नाय. रोज मी बुडवली. शेवटचं पुट तुझ्या हातचं असूदे.” तुळसानं रसात हात घातला आणि भेगाळलेली बोटं चुरचुरली. मग तिला आवरेना. चाचीनं बरणी हळूच बाजूला ओढली. “रड बाय, पण रसात नको. तुझ्या आयशीनं मीठ बेताचं घातलंय.”