एका अंगठ्यावर दोन नावं

शालनताईंच्या मागचं काचेचं दार बंद झालं आणि अंगठा टेकवूनही पुढचं उघडलंच नाही. दोन दारांमधल्या चिंचोळ्या खोलीत त्या अडकल्या. पलीकडे, इस्पितळाच्या प्रसूतिकक्षात, त्यांची लेक कळा सोसत होती.

"मावशी, संगणक अडलाय," ऑपरेटर गुंजाळ स्पीकरवरून म्हणाला. "तुमच्या एका अंगठ्यावर त्याला दोन बायका सापडल्यात. कुमुद आणि शालन."

"दोन्ही मीच रे! लग्नात सासरच्यांनी नाव बदललं."

"मला कळतं, त्याला नाही. असं काही येईल हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. पुन्हा तपास म्हटलं, की तीच चूक दाखवतो आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसतो. रद्द म्हटलं, तर मागचं दार उघडेल. तुम्ही घरी जा."

"आणखी काही उत्तर नाही का?"

"चुकीकडे दुर्लक्ष कर, असं सांगता येतं. पुढचं दार उघडेल. पण तो तुमची दोन्ही नावं वगळून टाकेल. मग कुठलंच दार तुम्हाला ओळखणार नाही, मावशी. हे नाही, घराचंही नाही."

आतून हाक आली, "आई गं!"

शालनताईंनी डोळे मिटून हात जोडले. "कर बाबा दुर्लक्ष."

दार उघडलं. नात त्यांच्याच हातांत पहिल्यांदा रडली.

घरी सोडायच्या दिवशी दाराने बाळासकट लेकीला बाहेर जाऊ दिलं. मग शालनताईंनी अंगठा टेकवला, पदराला पुसून पुन्हा टेकवला. दार हललं नाही. काचेपलीकडे लेक थबकली.

"आई, ये ना!"

"तू हो पुढे," त्या हसून म्हणाल्या. "बाळाच्या डोक्यावर ऊन येतंय."