फवारा की बोटं

"कोणाला पटायचं नाय," बन्सी म्हणाला, "पण गंगापूरच्या एका नटाला मी असा म्हातारा रंगवला, की एसटीत कंडक्टरनं त्याला गुमान अर्धं तिकीट फाडलं. वय पंचवीस! आन् तसाच घरी गेला, तर सख्खा बाप उंबऱ्यातच त्याच्या पाया पडला."

तंबूतली पोरं खो खो हसली आणि शेजारच्या खुर्चीवर रंगवणाऱ्या मेघाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

वेरूळच्या अलीकडं, शेतातल्या एका रिसॉर्टवर दोन दिवसांचा खेळ होता. शहरातली नोकरदार मंडळी रजा टाकून यायची, वेश चढवायची आणि कोणी शिपाई, कोणी हेर, कोणी चेटकीण होऊन दोन दिवस तशीच वागायची. पूर्वी असलं सोंग घेऊन कोणी दारात आला तर त्याला बहुरूपी म्हणत आणि सूपभर दाणे देऊन वाटेला लावत. आता साहेबलोक हौसेनं करतात.

रंगवायच्या खुर्च्या दोन. एकीजवळ मेघाचा एअरब्रश. बारकासा पंप घुरघुरायचा, पेनाएवढ्या नळीतून रंगाचा फवारा उडायचा आणि माणसाला बोटही न लावता चेहरा तयार. दुसरीजवळ बन्सी, त्याच्या रंगाच्या डब्या आणि कोपरा चेपलेली पत्र्याची पेटी.

खेळ भरवणारा चिन्मय सकाळीच सांगून गेला होता. "काका, राग मानू नका, पण लोकांना तोंडावर दुसऱ्याचा हात नको वाटतो. आज तुमच्याकडं कोणी बसलंच नाही, तर पुढच्या वेळेपासून एकच खुर्ची."

नाटकमंडळ्या बुडाल्या, जत्रांतले फड आटले, तेव्हापासून बन्सीला हे एवढंच दार उरलं होतं. दुपार कलली तरी खुर्ची रिकामीच. त्यानं ती पुसून पुसून चकचकीत केली.

तेवढ्यात एक बाई आत आली. तिशी ओलांडलेली, काखेत जुनेर लुगडं. खेळात तिला वेशीवरची म्हातारी व्हायचं होतं.

"बसा ना ताई," मेघा म्हणाली.

बाईनं डाव्या भुवईवर बोट ठेवलं. तिथं नखाएवढी खाच होती. "ही दिसायला नको. जमेल?"

मेघा पोरगी खरी बोलणारी. "फवारा खाच भरत नाही हो. रंग छान बसेल, पण खाच दिसेल."

"इकडं या, ताई!" बन्सीनं झडपच घातली. "मेण हाये माझ्याकडं. अशी बुजवतो, की घरच्यांनाबी वळखू यायची नाय."

बाईनं एकदा पेटीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. मग बसली.

बन्सीनं बोटांच्या चिमटीत मेण मऊ केलं. "कशानं झाली हो ही?"

"लहानपणी पत्रा लागला."

"पोरं म्हंजी धडपडायचीच."

"धडपडले नव्हते मी."

पण बन्सीला दुसऱ्याचं ऐकायची सवय कधी नव्हतीच. मेण बसलं, वर रंग चढला, खाच गायब झाली. मग त्यानं गालफडं आत ओढली, डोळ्यांखाली सावल्या भरल्या. तोंड सुरूच होतं. "मशीनला काय कळतंय? बोटांना चेहरा पाठ होतो, ताई. एकदा माझा हात फिरला की तो चेहरा जन्मभर इसरत नाय. डोळे बांधा, तरी वळखीन."

"कोणालाही?"

"कसम घ्या!"

"घरी कोण असतं, काका?"

गिऱ्हाईक घरचं विचारायला लागलं की ते आपलं झालं, हे बन्सीला पक्कं ठाऊक. "पोरगी हाये. सुलेखा. दुबईला असती. रोज सांजच्याला फोन, बाबा जेवले का, बाबा गोळी घेतली का. लई जीव तिचा माझ्यावर."

"आणि बायको?"

"आवडाबाई गेली. माझ्याच मांडीवर डोकं ठेवून गेली बघा. म्हणली, तुम्ही व्हता म्हणून सोन्याचा संसार झाला." सांगता सांगता बन्सीनंच बाहीनं डोळे पुसले. त्याचं हे नेहमीचंच. थाप रंगली की आधी त्याला स्वतःलाच पटायची.

बाईच्या पापण्या थरथरल्या.

"डोळे हालवू नका, ताई. सुरकुती फाटंल."

शेवटची रेघ ओढून त्यानं तिच्या हाती आरसा दिला आणि तो मागं सरला. समोर खरीच म्हातारी बसली होती, खंगलेली, वाट बघून बघून थकलेली. हा चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला त्याला. पण तेवढ्यात चिन्मय आत डोकावला आणि जागीच थबकला.

"काका! काय केलंत हे! अहो, जिवंत म्हातारी!"

रांगेतली पोरं येऊन भोवती गोळा झाली. कोणी फोटो काढले. मेघानंही पंप बंद केला आणि जवळ येऊन नीट न्याहाळलं. "मानलं, काका," ती म्हणाली.

"पुढच्या वेळेस तुमची खुर्ची पक्की," चिन्मय म्हणाला.

बन्सीची छाती दोन वीत फुगली. एवढी माणसं आपलं ऐकायला उभी आहेत, हे बघून जीभ सैल सुटली. "हात तसा हाये पोराहो! याच हातांनी लेक वाढवली मी. फुलासारखी जपली. कधी बोट उगारलं नाय तिच्यावर. आजबी बघा जाऊन, माझ्या सुलेखाच्या तोंडावर कुठं खरचटल्याची खूण घावायची नाय!"

म्हातारीनं आरसा खाली ठेवला. डाव्या भुवईवरून हळूच बोट फिरवलं.

"होती," ती म्हणाली. "याच पेटीच्या कोपऱ्याची. आत्ता तुम्हीच मेणानं बुजवलीत, बाबा."