चहाबद्दल आभार

“चहाचं नाव काढायचं नाही,” फादर कोलमन कोर्टाच्या पायऱ्यांवरच अडून बसले.

त्यांची वकील ब्रोना टूहीने कपाळावर हात मारला. आयर्लंडच्या या मेयो परगण्यात दारू पिऊन गाडी चालवताना कुणी सापडला की तो आधी तिचं दार ठोठावतो. पण सुटायलाच नकार देणारा अशील तिला आज पहिल्यांदाच भेटत होता. खटला तसा सोपा होता. दारू मोजायच्या यंत्रात फुंकण्याआधी वीस मिनिटं आरोपीच्या तोंडात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, असा नियम. आणि डोनाल क्विल्टी नावाच्या नव्या पोलिसाने नेमका त्याच वेळात फादरना चौकीत बसवून चहा पाजला होता. एवढं जज्जबाईंच्या कानावर घातलं की काम फत्ते.

“लायसन्स गेलं तर तीन गावच्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना, मिस्सा कोण करणार? तुमच्याशिवाय आहे कोण दुसरं?”

“ते खरंय गं. पण मी गारठलोय हे पाहून त्या पोराने चहा केला. त्याच चहात त्याला बुडवू? तू गप्प बसायचंस. मी प्यायलो होतो.”

“मिस्साची वाइन प्यायलात, फादर!”

फादर पकडले गेले त्या रविवारी उपाशीपोटी तीन गावांत तीन मिस्सा झाल्या होत्या. पवित्र झालेली वाइन ओतून देता येत नाही. पेल्यात उरेल ती पाद्र्यानेच संपवायची. हल्ली लोक पेल्याला तोंड लावत नाहीत, आणि वाइन काढून ठेवणाऱ्या बायकांचा हात मात्र सढळ.

आत मागच्या बाकांवर तिन्ही गावं दाटीवाटीने बसली होती.

“गुन्हा कबूल आहे?” जज्जबाईंनी विचारलं.

“कबूल.”

मागे कुणीतरी मुसमुसलं.

“काही सांगायचंय?”

ब्रोनाने मानेनेच नाही म्हटलं. फादर मात्र उभे राहिले आणि त्यांनी साक्षीदारांच्या बाकावरच्या डोनालकडे बोट केलं.

“या पोराचे आभार मानायचेत. पुढच्याच वळणावर फुटबॉलची मॅच सुटून पोरं रस्त्यावर आली होती. त्याने मला अडवलं नसतं तर... रोज मनात येतं ते. वर एका शब्दाने बोलला नाही मला. चहा करून दिला. सकाळपासून पोटात गेलेलं पहिलं गरम काही तेच. देव त्याचं भलं करो.”

ब्रोनाने डोळे गच्च मिटून घेतले.

जज्जबाईंनी पेन खाली ठेवलं. “हा चहा फुंकण्याआधीचा की नंतरचा?”

डोनाल कानापर्यंत लाल झाला. ‘नंतरचा’ म्हटलं असतं तर त्याची मान सुटली असती.

“आधीचा, जज्जबाई. फार गारठले होते ते.”

जज्जबाईंनी समोरची फाइल मिटली. “ही कबुली मी धरत नाही. खटला काढून टाकलाय. आणि क्विल्टी, यापुढे चहा नंतर.”

बाहेर लोक गळ्यात पडायला धावले, तर त्यांना बाजूला सारत फादर सरळ डोनालकडे गेले.

“तुला गोत्यात आणलं का रे मी?”

“साहेब झापतील थोडं. चालायचंच.”

“मी चुकलो होतो ना पण?”

डोनालने बुटाकडे पाहिलं. “हो, फादर. चुकला होतात.”

फादरनी खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि त्याच्या तळहातावर ठेवल्या. “मग वर्षभर ठेव तुझ्याकडे.”

“अहो, मग मी लढले कशाला?” ब्रोना ओरडली.

“तू कुठे लढलीस?”

तेवढ्यात म्हातारी डेलिया गर्दीतून पुढे घुसली. “पहिल्या रविवारी फादरना मी नेणार!”

“तुझ्या गाडीला ब्रेक तरी आहेत का?” कुणीतरी म्हणालं, आणि बघता बघता पायऱ्यांवर रविवारांची ओढाताण सुरू झाली.

“रविवारी सकाळी मीही मोकळा असतो,” डोनाल चाचरत म्हणाला.

डेलियाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “ईस्टरपर्यंतचे भरलेत, पोरा. रांगेत उभा राहा.”